फोटोखालची जागा

माझा मेव्हणा राहुल याच्या डोक्यावर भरपूर केस आहेत. लग्न जमवताना हे सिद्ध करावं लागेल, असं मात्र आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं.

सिंदेवाहीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जोडधंदा म्हणून मी वधू-वर परिचयाची वेबसाइट काढली. जाहिराती पानाच्या तळाशी होत्या आणि तिथपर्यंत कुणी पोचतच नसे. (लोक पगार वाचूनच परत फिरतात.) मग मी डोकं चालवलं. जाहिरात उचलली आणि थेट फोटोखाली, नाव-शिक्षणाच्याही वर, चिकटवली. लोक ती स्थळाची माहिती समजून तिच्यावर बोट ठेवू लागले. कमाई अशी वाढली की बायकोला, म्हणजे सुजाताला, न विचारता मी दुकानात फिरती खुर्ची आणली!

त्याच सुमारास राहुलला वरोऱ्याचं स्थळ आलं. मी रुबाबात त्याच्या पानाची लिंक मुलीकडच्या सगळ्यांना पाठवून दिली.

रविवारी मंडळी आमच्या घरी आली: मुलगी प्रज्ञा, टोपी घातलेले तिचे वडील, मामा आणि आत्या. पोहे झाले. वडिलांनी राहुलला पंख्याखाली बसवून पंखा जोरात करायला सांगितला आणि त्याच्या डोक्याकडे टक लावून पाहत राहिले. मामांची किल्ली दोनदा दिवाणाखाली पडली. दोन्ही वेळा त्यांनी ती राहुललाच वाकून काढायला लावली. आत्याबाईंनी सुजाताला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तो रात्री किती जोरात घोरतो. सुजाता भोळेपणानं म्हणाली, लहानपणी थोडा घोरायचा.

शेवटी वडील मला म्हणाले, "जावईबापू, पोरगा चांगला हाये. अन् टकलाचं तुमी फोटोखालीच लिहून टाकलं, हे इमानदारीचं काम केलं."

"टक्कल कुठी?" मामा म्हणाले. "मले तं गुडघेदुखी दिसली."

आत्याबाई घोरण्यावर ठाम होत्या. राहुल माझ्याकडे पाहत होता. सुजाताही पाहत होती. तिच्याकडे पाहायची माझी हिंमत नव्हती.

प्रज्ञानं तिघांचे फोन मागून घेतले आणि टीपॉयवर शेजारी शेजारी मांडले. फोटो एकच, खाली आजार तीन.

"बाबा, ह्या जाहिराती हायेत," ती शांतपणे म्हणाली. "ज्यानं फोनवर जे शोधलं, त्याले तेच दिसून राह्यलं."

वडिलांनी टोपी खाली ओढली. मामांनी लांब केलेला पाय हळूच जवळ घेतला. आत्याबाई म्हणाल्या, त्यांचा फोन शेजारीण वापरते.

तेव्हा राहुल पहिल्यांदा बोलला. "तुमच्या फोनवर काय दिसते?"

प्रज्ञा लाजली. आत्याबाईंनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. राहुलच्या फोटोखाली आमच्यात लग्नात नेसतात ते पांढरे शालू ओळीनं लागले होते! पुढची बोलणी दहा मिनिटांत उरकली.

मंडळी फाटकाबाहेर पडताच सुजातानं मला संगणकासमोर बसवलं आणि जाहिरात परत तळाशी न्यायला लावली. कमाईही जाहिरातीबरोबर तळाला गेली.

लग्नात प्रज्ञाचे वडील मला मंडपाच्या दारात घेऊन उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून देऊ लागले: "हे आमच्या व्याह्याचे जावई. माणूस चांगला हाये, फक्त याईले फोटो देऊ नका." माझी जाहिरात कुठं लावायची, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. एकही पाहुणा ती न ऐकता आत गेला नाही.