तिसऱ्या ओळीनंतरचा श्वास

खामगावातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मी बावीस वर्षं रविवारच्या उपासनेला पेटी वाजवली. पोटापाण्याचं काम दैनिकात, उपसंपादकाचं. तिथे माझ्या जागी दुसरा कुणीही चालला असता. पेटीवर नाही.

आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बाया जुनी गीतं गाताना कडव्याच्या तिसऱ्या ओळीनंतर थांबतात. श्वास घेतात आणि मग चौथी ओळ उचलतात. हा थांबा पुस्तकात छापलेला नाही, आणि प्रत्येक गीतात त्याची लांबी वेगळी आहे. तिथे बोटं उचलायची आणि वाट पाहायची. हे शिकायला मला पाचेक वर्षं लागली.

माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, लग्नाच्या वरातींत डीजे वाजवतो. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या पाळकसाहेबांनी महिन्यातून एकदा होणारी तरुणांची उपासना त्याच्याकडे दिली. तो लॅपटॉप आणि दोन मोठे स्पीकर घेऊन आला. गीताखाली त्याने वरातीतला बेस टाकला, ठोका चढवत नेला, एकदम सगळं बंद केलं आणि धृपदावर पुन्हा सोडलं. पोरंपोरी हात वर करून उड्या मारत गाऊ लागली. काहींचे डोळे भरले होते. माझ्या पेटीवर कुणी रडल्याचं मला आठवत नाही. पुढच्या महिन्यात शेगाव, नांदुऱ्याहून लोक आले आणि दाराबाहेर चपलांना जागा उरली नाही.

मला त्याचा हेवा वाटत होता. दुसरा शब्द नाही.

गेल्या वर्षी नाताळापूर्वी पाळकसाहेब म्हणाले, येत्या रविवारी जुनी गीतं त्याच्या साथीवर म्हणून पाहू. जमलं तर नाताळची उपासनाही तोच वाजवेल, नाही जमलं तर पेटी.

शुक्रवारी मेव्हणा घरी आला.

"भाऊजी, सरावात बाया मांगं राहून राह्यल्या. बीट पुढं जाते, थ्या थांबतात. कुठी थांबतात, किती थांबतात, तेवढं सांगा ना."

"तसं काही ठरलेलं नाही," मी म्हणालो. "पुस्तकात पाह्य."

चहा घेऊन आलेली बायको माझ्याकडे पाहत राहिली. सांगायला दहा मिनिटं पुरली असती. मी खोटं बोललो.

रविवारी पहिल्याच कडव्यात सगळं मोडलं. तिसरी ओळ संपली, बाया थांबल्या, ठोका थांबला नाही. पोरं ठोक्याबरोबर पुढे गेली, बाया मागून आल्या, आणि एका छताखाली दोन गीतं सुरू झाली. पहिल्या बाकावरच्या निवृत्त नर्सबाई जागेवरूनच ओरडल्या, "अबे, तुह्या मशीनले दम लागत नाही, आमाले लागते! वरातीत आणलं का बे आमाले?"

सगळे हसले. मीही हसलो, चांगला मोठ्याने.

मेव्हण्याने आवाज बंद केला. माईक काढून नर्सबाईंसमोर धरला. "मावशी, तुमी एकल्याच म्हना."

त्या गायल्या. तो फरशीवर मांडी घालून बसला आणि गुडघ्यावर बोटांनी ठोका धरत राहिला. "अजून एक डाव," म्हणाला. असं तीनदा. मग उठून त्याने लॅपटॉपवरचा धावता ठोका काढून टाकला आणि तालाच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर हाताने वाजवायला लागला. तिसऱ्या ओळीनंतर हात उचलला. एवढ्या बेसनंतरची ती शांतता सगळ्या चर्चला ऐकू आली. बायांनी श्वास घेतला, तोही ऐकू आला. चौथ्या ओळीवर बेस परतला तेव्हा पोरांनी आरोळी ठोकली, आणि नर्सबाई टाळ्या वाजवू लागल्या.

त्याच जागी मी बावीस वर्षं बोटं उचलत आलो होतो. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाहेर त्याने विचारलं, "भाऊजी, तुमाले माहीत होतं ना?"

"हाव."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

मी चपला शोधू लागलो. तो म्हणाला, "नाताळाले पेटी घेऊन माह्या बाजूले बसा."

त्या दिवशी ऑफिसात ड्युटी आहे, असं मी सांगितलं. ती ड्युटी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मागून घेतली.

नाताळच्या सकाळी बायकोने उपासनेचा व्हिडिओ पाठवला. न्यूजरूममध्ये मी एकटाच होतो. हेडफोन लावून, चूक शोधत ऐकला. दुसऱ्या गीतात ती सापडली. थांबा आखूड पडला होता, त्याने हात लवकर टाकला होता. मला बरं वाटलं. खात्रीसाठी पुन्हा ऐकलं. बाया मागे राहिल्या नव्हत्या. नर्सबाईंसकट सगळ्यांनी त्याच्याबरोबरच चौथी ओळ उचलली होती.

माझ्यासाठी त्यांनी श्वास कधी आखूड केला नव्हता.