फुलबॅकचं तोंड

तिसरा गोलही डावीकडूनच झाला. प्रॅक्टिस मॅच होती म्हणून बरं. ओंकार आपली जागा सोडून पुढे धावत गेला होता आणि त्या मोकळ्या जागेतून समोरचा पोरगा आरामात आत येऊन गोल मारून गेला. मी शिट्टी वाजवली. कडेला खुर्ची टाकून बसलेले रफिकभाई उठले.

रफिकभाई आमच्या जुन्नरच्या हॉकी क्लबचे सेक्रेटरी. हार्डवेअरचं दुकान सांभाळून क्लब चालवतात. मी शाळेतून पी.टी. टीचर म्हणून रिटायर झालो आणि कोच म्हणून त्यांच्या तावडीत सापडलो.

"मास्तर, हे पोरगं चांगलं हाय म्हनून तुमीच सांगितलं व्हतं ना?"

"चांगलंच आहे."

"मग डावीकडं धर्मशाळा का उघडलीय? कुनीबी येतंय, कुनीबी जातंय. पंधरा दिसांनी पुण्याची टीम येतीय. तवाबी असंच झालं तर त्याला परत पाठवा."

ओंकार अवसरी बुद्रुकचा, एकोणीस वर्षांचा. फुलबॅक. म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा राखणदार. त्याच्या जुन्या टीममध्ये मॅन-टू-मॅन खेळायचे. एक फॉरवर्ड नेमून द्यायचा आणि त्याला मॅचभर चिकटून राहायचं. त्यात हा पठ्ठ्या वस्ताद होता. आमच्याकडे झोन. माणूस नाही, जागा राखायची. फुलबॅकला सगळं मैदान समोर दिसतं. त्याच्या पुढे खेळणाऱ्या हाफला मात्र पाठीमागचं काही दिसत नाही. म्हणून फुलबॅकने सारखं ओरडून हाफला सांगायचं असतं, मागं हो, डावीकडं सरक, सोड त्याला. झोनमध्ये स्टिकच्या बरोबरीने तोंड चालवावं लागतं.

त्याला क्लबमध्ये आणला संदीपने. संदीप पिंपळवंडीचा, आमचा लेफ्ट हाफ, आणि ओंकारच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. "माझा मेव्हणा हाय, मी शब्द देतो," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. त्या शब्दावर एका जुन्या खेळाडूला बाहेर बसवून ओंकारला घेतलं होतं. आता तो परत गेला असता तर संदीपचीही मान खाली गेली असती. हे त्या पोराला पक्कं माहीत होतं. जेवण जात नव्हतं त्याला.

मी ठरवूनच टाकलं की पोराच्या डोक्यात झोन शिरत नाही. फळ्यावर चौकोन काढले. मैदानावर फक्की मारून त्याची जागा आखून दिली. विचारलं की सगळं बिनचूक सांगायचा.

"मग पुढे का पळालास?"

"चुकलं, सर."

दोन दिवस हेच. शेवटी मी वैतागून म्हणालो, "तुझ्यापेक्षा गोलपोस्ट बरा. जागा तरी सोडत नाही." सगळी पोरं हसली. तो मात्र आखून दिलेल्या जागेत जाऊन उभा राहिला. ते बोलल्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एके दिवशी कॅप्टनला उशीर झाला. तो उजवीकडचा फुलबॅक. तेवढ्यापुरतं मी ओंकारला उजवीकडे उभं केलं आणि डावीकडे तोंडही न उघडणाऱ्या पोराला एकदम वाचा फुटली. "आरं गन्या, मागं! मागं ये की, झोपला का!" पुढच्या राइट हाफवर ओरडून मैदान दणाणून सोडलं त्याने. जागाही सोडली नाही. कॅप्टन आल्यावर त्याला पुन्हा डावीकडे आणलं, तर पुन्हा चिडीचूप. संदीपच्या पाठीमागून फॉरवर्ड पुढे सरकला. ओंकारने तोंड उघडलं, मिटलं आणि संदीपचं काम करायला स्वतःच धावत सुटला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

त्याला बाजूला घेतला. "संदीपला का नाही सांगत?"

"दाजी हायेत, सर. त्यांना 'मागं व्हा' कसं म्हनू? घरी त्यांच्यासमोर आमी खाटंवर बसत नाय."

"मैदानात कुणी दाजीबिजी नसतो."

"व्हय, सर," म्हणाला, पण मैदानात परत गेल्यावरही संदीपला हाक मारली नाहीच.

संदीपला विचारलं तर तोही हताश. "मी लई सांगितलं, बिनधास्त वरड. पन सासूबाईंनी लग्नातच बजावलंय, दाजींना उलट बोलायचं न्हाई."

मॅचच्या आधीच्या रविवारी संदीपबरोबर त्याची बायको पूजा आली. प्रॅक्टिसनंतर दोघांना अवसरीला जायचं होतं. तिने कडेला उभं राहून दहा मिनिटं भावाचा खेळ पाहिला आणि सरळ मैदानात शिरली.

"ओंक्या, मला तर दिवसभर हुकूम सोडायचास. आता काय झालं?"

"दाजींना कसं सांगू, ताई?"

"मग मला सांग. मी सांगते त्यांना."

ती साइडलाइनजवळ उभी राहिली. खेळ सुरू झाला. "ताई, मागं!" ओंकार ओरडला. "अहो, मागं या!" पूजा ओरडली. पोरांची हसून पुरेवाट झाली. पण गंमत अशी की तिसऱ्या-चौथ्या हाकेपासून संदीप 'अहो'ची वाट बघेनासा झाला. 'ताई' ऐकलं की तो सरकायचा. बहिणीला हाक मारताना ओंकारची जीभ अडत नव्हती. पूजा नंतर सावलीला जाऊन बसली तरी त्याच्या हाका चालूच राहिल्या.

पुण्याच्या टीमशी मॅच झाली तेव्हा पूजा पिंपळवंडीला घरीच होती. आम्ही एका गोलने पुढे. शेवटची दोन मिनिटं. त्यांचा राइट विंगर संदीपच्या पाठीमागे मोकळा निघाला आणि बॉल त्याच्याकडे चालला होता. ओंकारचा पाय पुढे उचललेला मी पाहिला.

पाय तिथेच टेकला. "ताई, मागं! मागं!"

संदीप वळला आणि अंग झोकून देऊन त्याने बॉल अडवला. पुण्याचा विंगर ताई कुठे आहे ते शोधत उभा.

मॅच संपल्यावर ओंकार आधी संदीपकडे धावला. "दाजी, लागलं नाय ना?" आणि दोघांच्या किटबॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन मागून चालू लागला. मी त्याला थांबवून गोलपोस्टच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. तो एवढा लाजला की मलाच ओशाळायला झालं.

रफिकभाईंनी खुर्ची मिटली. "पोरगं ठेवा, मास्तर. आन ती ताईबी ऱ्हाऊ द्या."

आता नवा खेळाडू आला की मी स्टिक नंतर बघतो. आधी त्याला विचारतो, टीममधलं तुझं कोण कोण लागतं?