आधी घराले पाहू दे

"थांब. आधी घराले आपल्याले पाहू दे."

कुठल्याही घरापुढे पोचलं की ताई हे म्हणायच्या आणि फाटकाशीच उभ्या राहायच्या. छत्री मिटायच्या, पदरानं मान पुसायच्या, अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांकडे नाहीतर कोंबड्यांकडे बघत बसायच्या. मागे आम्ही तिघी इंटर्न, हातात छापील प्रश्नांचे कागद, आणि डोळे घड्याळाकडे. मला तर वाटायचं, बाईंना चालून दम लागतो आणि त्याचंच हे तत्त्वज्ञान करतात. पाच-सात मिनिटांनी आतून कुणीतरी डोकावायचं, "कोन होय?" म्हणायचं, तेव्हा कुठे ताई चपला काढायच्या.

असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्याबरोबर काम करताना जीव मेटाकुटीला येतो, आणि नंतर उभा जन्म त्याच्यासारखं वागायचा प्रयत्न करण्यात जातो.

मी तेव्हा एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला होते. मनाच्या आजारावर गावागावात काम करायला शिकायचं, तेही तिथल्या माणसांची बोली, रीत, देवधर्म समजून घेऊन, अशी सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. वर महिन्याला मानधन. मी गोंदियाची, बाजारात वडिलांचं किराणा दुकान, घरी निम्मं हिंदी. अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या एका दवाखान्यात आम्हाला पाठवलं आणि ताईंच्या हवाली केलं. ताई तिथल्या जुन्या नर्स, बौद्ध घरातल्या, निवृत्तीला आलेल्या. आमची नावं त्यांनी कधी घेतलीच नाहीत. एकीला त्या "चंद्रपूर" म्हणायच्या, एकीला "भंडारा", आणि मला "ए गोंदिया". मीटिंगमध्ये डुलक्या काढायच्या, आणि साहेबांनी काही विचारलं की डोळे न उघडता नेमकं उत्तर द्यायच्या. आमच्या छापील प्रश्नांवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. एका आजोबांना मी मोठ्या ऐटीत विचारलं होतं, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?" आजोबा म्हणाले, उन्हाळी धान कापून होऊ दे, मग सांगतो. ताई खो खो हसल्या. परतताना म्हणाल्या, बुढा खरंच सांगेल, तू जाजो मात्र. आणि खरंच, धान कापून झाल्यावर मी गेले तर आजोबांनी तासभर सांगितलं, तेही रडून.

बरं, आता माझी गोष्ट सांगते. माझीच म्हणायला हवी, कारण घोळ मी घातला.

दवाखान्यापासून तीन-चार कोसांवरच्या गावात एक सून होती. पंचविशीची. बाळंत झाल्यापासून ती बोलेनाशी झाली होती. पोरगी पाच महिन्यांची झाली तरी हिनं तिला स्वतःहून उचललं नव्हतं. एकदा तळ्याच्या पाळीवरून गावातल्याच एका बाईनं तिला हाताला धरून परत आणलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या, त्या सासूच्या हातात असायच्या, आणि दर आठवड्याला जाऊन बघायचं, हे आमचं काम. गोळ्या चुकल्या तर काय होईल हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

मे महिन्यात ताईंना गोंदियाला बैठक लागली आणि मला एकटीला पाठवलं. मी खूश. फाटकाशी थांबायचं वगैरे मी काही केलं नाही, सरळ आत. सासू म्हणजे हाडापेरानं मजबूत म्हातारी, शेतमजुरीत आयुष्य गेलेली. घर बौद्धांचं, सारवलेलं, लख्ख. तिनं ताटलीत ठेवून पाण्याचा पेला आणला. आता दवाखान्यात आल्या आल्या आम्हाला नियम वाचून दाखवला होता, पेशंटच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. मी हातानंच "नको नको" केलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण घसा कोरडा पडला होता, ऊन मी म्हणत होतं, म्हणून पिशवीतून माझी बाटली काढली आणि तिच्यासमोर घटाघटा प्यायले.

म्हातारी पेला उचलून आत घेऊन गेली. मग माझ्या सगळ्या प्रश्नांना हो किंवा नाही. मला वाटलं, चला, लवकर आटपलं.

पुढच्या खेपेला तिनं दारातच सांगितलं की सून माहेरी गेली. आत पोरगी रडत होती. अंगावरची पोरगी ठेवून कोण माहेरी जातं? मी फणफणत परत आले आणि अहवालात लिहून टाकलं: घरचे लोक सहकार्य करत नाहीत.

ताईंनी तो कागद एसटीत वाचला. घडी घालून म्हणाल्या, पहिल्यांदा एकटी गेलीस तेव्हा काय काय झालं, दारापासून सांग. मी सांगितलं. बाटलीपाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"पानी काऊन नाही पेली?"

मी म्हटलं, नियम आहे ना.

"नियम मले म्हाईत हाये. मीच तुमाले वाचून दाखवला. नियम सांगतला अन् घर नाही सांगतलं, हे माही चूक. पन नियम नसता, त पेली असती का?"

मी "हो" म्हणणार होते, पण एक कप आठवला. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा असतो. खिडकीत, उपडा. मी जन्मापासून तो बघत आले आणि एकदाही त्याबद्दल विचार केला नव्हता. आणि दुसरं त्याहून लाजिरवाणं. दोन महिने ताई रोज दुपारी डबा माझ्यापुढे करत होत्या आणि मी रोज काहीतरी कारण काढत होते. सोमवार आहे, चतुर्थी आहे, पोट बिघडलंय. एवढे उपास तर माझी आईही करत नसेल. ताईंना ते पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. तरी त्या डबा पुढे करतच होत्या. त्या दिवशीही केला. मी खाल्लं. भेंडीची भाजी होती, जरा खारट.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी त्या गावाला जायला लागलो. बाटली दवाखान्यात ठेव, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मला घाई झाली होती. म्हटलं, ताई, मी जाऊन पाणी मागते आणि पिते, म्हणजे विषय संपेल. ताई फटकन म्हणाल्या की तू मागून पिशील तर ते तुझं नाटक होईल. द्यायचं की नाही हे त्या बाईच्या हातात आहे. ते तरी तिच्या हातात राहू दे.

म्हातारी दारात उभीच होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. ताईंना म्हणाली, "तुमची पोरगी आमच्या घरचं पानी पेत नाही, त आमच्या सुनेचं दुःख कायले पाहिजे तिले?"

अजूनही हे वाक्य आठवलं की माझ्या कानशिलात गरम होतं. दोन वर्षं मी जाडजाड पुस्तकं वाचली होती, पण माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं मला कुणी विचारलं नव्हतं.

गोळ्या तिनं आणून ताईंच्या हातात ठेवल्या. पाहुणी म्हणून ये, म्हणाली, दवाखान्याची म्हणून नको येऊ. आणि ताई पाहुण्या म्हणून आत गेल्या. मी बाहेर, बोरीच्या झाडाखाली. आता बोरीची सावली ती काय असणार. दोन तास बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आत ताई सुनेपाशी बसतात एवढं मला दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. गोळ्या बंद होऊन तिसरा दिवस उजाडला. ती पुन्हा तळ्याकडे गेली तर ते माझ्यामुळे, हे मला लख्ख कळत होतं. जेवण जात नव्हतं. नाकाचं साल निघालं होतं.

तिसऱ्या दिवशी म्हातारी सरपण घेऊन माझ्यासमोरून गेली तेव्हा मी उठून उभी राहिले. ताईंनी काही शिकवलं नव्हतं, मीही ठरवलं नव्हतं. म्हटलं, आजी, नियम होता हे खरं आहे. पण नियम नसता तरी मी तुमच्याकडचं पाणी प्यायले असते का, ते मला ठाऊक नाही. आमच्या घरी वेगळा कप असतो. मला त्याची कधी लाज वाटली नव्हती, आता वाटते.

सरपण तसंच डोक्यावर घेऊन तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"खरं बोल्ली," म्हणाली. मग सरपण अंगणात टाकत, "सून आत हाये. जाय."

पाणी तिनं त्या दिवशीही दिलं नाही. पुढे कधीतरी दिलं. नेमकं कधी ते आठवत नाही, आणि आठवत नाही हेच मला बरं वाटतं. गोळ्या मात्र त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या.

मी आत गेले आणि उंबऱ्यापाशीच बसले. ताई सुनेच्या मागे बसून तिचे केस विंचरत होत्या. ती भिंतीकडे बघत होती. मग तिनं मान वळवली, माझ्या सोललेल्या नाकाकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

"तुमी जेवल्या का?"

ताईंचा हात केसांत तसाच थांबला. मी "नाही" म्हटलं आणि रडायला लागले. पुढे ती हळूहळू बोलत गेली, पावसाळा लागेपर्यंत पोरीला मांडीवर घ्यायला लागली. मी आपलं अहवालात ऐटीत लिहिलं, संयमानं विश्वास मिळवल्यामुळे रुग्ण बोलती झाली. तोंडी परीक्षेत हीच केस मांडली, नाव-गाव लपवून. परीक्षकांनी शाबासकी दिली. आज मी स्वतः मुलींना हे काम शिकवते, आणि 'शांत बसण्याची ताकद' या विषयावर माझं एक भाषणही तयार आहे. दरवर्षी देते.

ताई निवृत्त झाल्या. मधूनमधून फोन करायच्या, "काय गोंदिया, घाई कमी झाली का?" मी "हो" म्हणायचे आणि त्या हसायच्या. मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. आजारी होत्या हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. त्याबद्दल मी त्यांच्यावर अजून रागावले आहे, आणि आता तो राग कुठे नेऊन टाकायचा ते कळत नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी मोरगावला गेले. मंडपात गर्दी होती. पंचवीस-तीस गावांतून माणसं आली होती, आणि निम्म्यांना तरी ताईंशी आपली ओळख कशामुळे झाली हे कुणाला कळू नये असं वाटण्याजोगी कारणं होती, तरी आली होती. पंगतीत वाढणारी एक बाई माझ्यापुढे थांबली. अंग भरलेलं, केसांत चांदीची एक बट. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी, हातात मिठाचं ताट. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं.

जेवणं झाल्यावर आम्ही मंडपाच्या कडेला बसलो. सासू आता थकली आहे, डोळ्यांनी दिसत नाही, पण भांडायला खणखणीत आहे, असं म्हणाली. मला इतकी वर्षं एक गोष्ट विचारायची होती, ती विचारली. मी बाहेर बसायचे तेव्हा आत ताई तुला काय सांगायच्या? मला वाटत होतं, काहीतरी हातोटी असणार. कळली तर माझ्या मुलींना शिकवता येईल.

"काही नाही जी," ती म्हणाली. "माहे केस विंचरे. अन् तुमचंच सांगे."

"माझं?"

"हो. म्हने, बाहेर एक पोरगी उन्हात बसून हाये. चूक झाली तिची, आता रडकुंडीले आली हाये. जेवत नाही. तिची परीक्षा हाये अन् तू बोल्ली नाही त ते नापास होईल. रोज हेच सांगे. मले वाटलं, आपल्यापायी कोनाच्या लेकीचं वरीस कायले जाय."

माझं ते भाषण मला शब्दन्‌शब्द आठवलं, आणि कुठे तोंड लपवू असं झालं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पास झाले मी."

"म्हाईत हाये," ती म्हणाली. "ताई आल्ती सांगाले. त्या दिसी आमच्या बुढीनं तुमच्या नावानं शेवयाची खीर केली. मी वाटीभर खाल्ली. लय दिसानं तोंडाले चव लागली होती मले."