हिरवळीतलं तण

हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिला तोंडावर सगळे ‘मावशी’ म्हणत आणि पाठ वळली की ‘कडक इस्त्री’. नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. उभी हयात तिनं लोकांच्या दुखण्याच्या चादरी उकळल्या, पिळल्या, वाळवल्या आणि घड्या घालून परत पाठवल्या. डाग राहिलेली चादर तिच्या हातून कधी पुढे गेली नाही. बाई तोंडानं फटकळ, कामाला वाघ आणि मायेच्या बाबतीत ठार आंधळी.

आंधळी म्हणजे भाचीच्या बाबतीत. बहीण बाळंतपणात गेली, मेहुण्यानं दुसरा संसार थाटला आणि तान्ही पोर मावशीच्या पदरात पडली. धुलाईघरामागच्या एका खोलीत, साबणाच्या वासात, मावशीनं तिला वाढवलं. हॉस्पिटलच्या कोठारातला एक सरळ माणूस लग्नाचं विचारायला आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, “पोरीला वसतिगृहात ठेवता येईल की.” मावशीनं त्याला चहासुद्धा पुरा पिऊ दिला नाही. पुढे पोर शिकली, फरशांचं दुकान असलेला नवरा मिळाला, स्वतःचं घर झालं. मावशी निवृत्त झाली आणि हॉस्पिटलची खोली सोडायची वेळ आली, तेव्हा भाचीच म्हणाली, “मावशी, आता तू माझ्याकडे यायचंस. विषय संपला.”

स्वयंपाकघराला लागून असलेली खोली मावशीला मिळाली. जावई वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं. तो “मावशी, बसा ना, आराम करा” म्हणायचा. आराम करा, हे शब्द मावशीला शिवीसारखे लागायचे. ज्या घरात आपल्यावाचून काही अडत नाही त्या घरातला घास तिच्या घशाखाली उतरेना.

तिच्या खिडकीबाहेर परसात बांधकामाचा राडारोडा पडलेला होता आणि त्यावर हरळी माजली होती. मावशीनं पदर खोचला आणि कुदळ घेऊन सगळं खणून काढलं. महिनाभरात हरळी दुप्पट झाली. तिच्या प्रत्येक तुकड्याला पेर, आणि प्रत्येक पेरातून नवा कोंब. खणून खणून मावशीनं तिची लागवडच केली होती. दुसरा गाढवपणा याहून मोठा. उपटलेलं तण बियांसकट खताच्या ढिगात टाकलं, आणि पुढं तेच खत मोठ्या कौतुकानं वाफ्यात पसरलं. शत्रूला जेवू घालून, अंगावर पांघरूण घालून घरी आणावं तशातली गत. भाचीनं हसून हसून डोळे पुसले. मावशीही हसली, पण मनातून चिडली होती.

मग भाचीनंच मोबाइलवर चौकोनी बागेचा एक व्हिडिओ लावून दिला, आणि मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला. हे तर घड्या घालण्याचंच काम! फरशा ज्या लाकडी खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या ठोकून तिनं गुडघ्याएवढ्या उंच चौकटी केल्या. खाली फरशांच्या खोक्यांचे पुठ्ठे भिजवून अंथरले, एकावर एक, मध्ये बोटभर फट न ठेवता, म्हणजे हरळीला खालून डोकं काढायला वाव नको. वर माती, सुकी पानं, शेणखत. मग सुतळ्या ताणून फुटाफुटाचे चौकोन पाडले. एका चौकोनात गाजर, शेजारी पालक, त्यापलीकडे मुळा, कोपऱ्यात टोमॅटोचं एकच रोप. एक चौकोन रिकामा झाला की त्यात मूठभर खत घालून लगेच दुसरं काहीतरी लावायचं. उघडी माती दिसली की तिला उघड्या जखमेसारखं वाटायचं. ती तिथे पानं पसरायची. तण दोन पानांचं असतानाच चिमटीत धरायचं, बी धरायची वाट बघायची नाही, आणि वाफ्यात पाय कधीच ठेवायचा नाही. भाचीची लेक एकदा आत उतरली तर मावशीनं तिला उचलून बाहेर ठेवलं. “माझ्या मातीचा श्वास कोंडतो,” म्हणाली.

माती हळूहळू सुधारली. सुरुवातीला मूठ वळली की ढेकूळ व्हायचं, ते दगडासारखं वाळायचं. पुढे तीच माती मुठीतून भुरभुरत सुटायला लागली, काळीभोर झाली, हात घातला की गांडुळं वळवळायची. खताच्या ढिगात हात खुपसून मावशी त्याची ऊब बघायची, पूर्वी इस्त्रीपाशी तळवा नेऊन बघायची तशी. रोज सकाळी टोपलीभर भाजी ओट्यावर ठेवली की ती मान ताठ करून जेवायला बसायची. त्या चौकटी म्हणजे तिचा या घरातला हक्क होता. आपण इथे कुणाच्या उपकारावर राहत नाही, हे ती रोज त्या टोपलीनं सांगायची. ऐकत कुणी होतं की नाही, हा भाग निराळा.

डोळ्याला मोतीबिंदू झाला. ऑपरेशनची वेळ ठरली तेव्हा भाचीनं फारच काळजी घेतली. “मावशी, आपल्याकडे धूळ असते. तुझ्या त्या धुलाईघरातल्या मैत्रिणीकडे थोडे दिवस राहा. हॉस्पिटलही जवळ पडेल.” मावशीचं मन भरून आलं. मैत्रिणीला तिनं ते पुन्हापुन्हा सांगितलं, “बघ, पोटची पोरगी तरी इतकं करेल का?” मैत्रीण तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत राहिली.

ती परत आली तेव्हा डोळ्यावर काळा चष्मा होता. खोलीत पिशवी टाकून ती आधी खिडकीशी गेली. बाहेर सगळं हिरवं आणि सपाट दिसलं. डोळ्याचा दोष असेल म्हणून तिनं चष्मा काढला. दोष डोळ्याचा नव्हता. चौकटी नव्हत्या, सुतळ्या नव्हत्या, खताचा ढीग नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत गवताचा गालिचा होता.

“आवडलं?” मागून जावयानं विचारलं. तो खरोखरच खूश होता. “फरशांच्या कंपनीची मोठी माणसं येणार आहेत पुढच्या महिन्यात, एका रविवारी. म्हटलं, जरा उठाव यायला हवा. आणि मावशी, तुमच्या मातीचं माळ्यानं फार कौतुक केलं. बाहेरून माती आणायची गरजच पडली नाही! तीच पसरली सगळीकडे.”

मावशी बाहेर जाऊन खाली बसली. गवताची एक काडी ओढून तिनं बोटांत फिरवली. पेर, पेरापेराला मूळ.

“ही हरळी आहे,” ती म्हणाली.

“मावशी, ह्याला लॉन म्हणतात,” जावई हसून म्हणाला. “खास नर्सरीतून मागवलंय.”

भाची दारात उभी होती, पण मावशीकडे बघत नव्हती. जावई आत गेल्यावर मावशीनं तिला एवढंच विचारलं, “तुला माहीत होतं?”

“अगं, सांगितलं असतं तर तू त्रास करून घेतला असतास. डॉक्टरनी ताण घ्यायचा नाही म्हणून सांगितलंय ना. आणि आता तुझं वय आहे का असं चिखलात बसायचं? भाजी काय, बाजारात मिळते की.”

मैत्रिणीकडचे ते दिवस, ती धुळीची काळजी, सगळं मावशीच्या लक्षात आलं. हिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. कडक इस्त्रीनं आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही. उत्तर देऊन जायचं कुठे? धुलाईघरामागच्या खोलीत आता दुसरी कुणी बाई राहत होती.

पण माती इतक्या सहज विसरत नाही. जास्त पिकलेले टोमॅटो मावशी खताच्या ढिगात टाकत असे, आणि ढीग मातीसकट परसभर पसरला गेला होता. रोज पाणी मिळताच त्या तलम हिरवळीतून टोमॅटोची रोपं वर आली. इथे दोन, तिथे पाच, भिंतीकडेला तर घोळकाच. कुठेकुठे कोथिंबीरही उगवली. मावशी खिडकीतून बघायची आणि तिला हसू यायचं.

पाहुणे यायचे त्या रविवारी सकाळी भाची तिच्या खोलीत आली. आवाज मऊ होता, लहानपणी काही हवं असलं की लागायचा तसा. “मावशी, लॉनमध्ये ते काहीबाही उगवलंय बघ. माळी आज येणार नाही म्हणतो. तुझ्याइतकं तण कुणाला कळतं?”

मावशीनं पाट घेतला आणि हिरवळीवर जाऊन बसली. तिनं जन्मात हरळी वाचवून टोमॅटो उपटले नव्हते. तेही करून झालं. जावई गॅलरीतून म्हणाला, “मुळासकट काढा हं मावशी, नाहीतर पुन्हा येतात.” दुपारपर्यंत टोपली भरली. खिडकीखाली भिंतीच्या आडोशाला एक रोप होतं, जाड देठाचं. ते तिनं जाणूनबुजून ठेवलं. तिथे कोण बघतंय?

संध्याकाळी माणसं आली. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या, गार पेयं फिरली, गवताची तारीफ झाली. चांगली साडी नेसून मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका पाहुणीनं तिच्याकडे बघून भाचीला विचारलं, “ह्या कोण?”

भाची क्षणभर अडखळली. “ह्या? आमच्याकडेच असतात. बागेचं बघतात.”

पाहुणीनं मान डोलावली आणि हातातला रिकामा ग्लास मावशीच्या हाती दिला. मावशीनं तो आत नेऊन धुतला, पुसून जागेवर ठेवला. मग मागच्या बाजूनं खिडकीखाली गेली, वाकली आणि ते शेवटचं रोप मुळासकट उपटलं. काम अर्धवट ठेवायची तिला सवय नव्हती.