ओल्या पोत्याखालची कॅन

बसथांब्यावर आल्या की बाई आधी कॅनवर ओलं पोतं टाकायच्या, मग स्वतःच्या डोक्यावर पदर घ्यायच्या. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. कोणी हसलं तर म्हणायच्या, "जिवंत हाय ते, त्याले ऊन लागते."

कॅनमध्ये जिवाणू असायचे. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ते वाढवतो. संत्र्याच्या मुळाशी ओतले की मुळं कुजवणाऱ्या बुरशीला ते आवरतात. मी नवा लागलो तेव्हा बाई तिथे मुरलेल्या होत्या. माझ्या हातून एकदा काचेची नळी फुटली. माझं बोट कापलं का, हे त्यांनी विचारलंच नाही, नळीतल्या जिवाणूंसाठी मात्र हळहळल्या. मला तेव्हा राग आला होता.

पण बाईंची खरी लढाई घरची होती. वडिलांनी कळमेश्वरकडे लावलेली संत्र्याची साठ झाडं त्याच बुरशीच्या डिंक्या रोगानं वाळत चालली होती. धाकटा भाऊ ती तोडून कपाशी लावायला निघाला. बाईंनी त्याला एकच मागितलं, "मले वाटा नको. एक वर्ष झाडं दे."

भावानं वर्ष दिलं आणि पहिल्याच महिन्यात घोळ घातला. पावसाळ्याआधी खोडांना मोरचूद-चुन्याचं मलम लावायची आपली जुनी रीत. त्यानं ते ज्या ड्रममध्ये कालवलं, त्यातच न धुता बाईंनी आणून दिलेले जिवाणूही कालवले आणि झाडांना घातले. मोरचूद काही आपलं-परकं ओळखत नाही; बुरशीबरोबर जिवाणूही मरतात. बाईंना ड्रमच्या तळाशी निळा साका दिसला. उरलेलं पाणी तेवढं त्या बाटलीत भरून घेऊन आल्या.

पुढच्या रविवारी त्या जेवणाच्या डब्यातून दोन काचेच्या बशा घेऊन गावी गेल्या. मीही सोबत होतो. एका बशीत कॅनमधले जिवाणू दाट वाढले होते. दुसरीत ड्रममधलं पाणी पसरलं होतं. ती कोरी होती.

भावानं कोरी बशी उचलून उजेडाकडे धरली. "जे दिसतच नाही, ते मेलं कसं समजावं, ताई?"

"म्हणून तर दाखवून राहिली. आता ड्रम धू. माझं वर्ष आजपासून."

तेव्हापासून दर रविवारी बस, कॅन, पोतं. ताप असला तरी खाडा नाही. अकरा झाडं गेलीच. मेलेलं झाड जिवाणू उठवत नाहीत, हे त्या स्वतःच सांगत. पण वर्षाअखेर त्यांनी भावाला एका झाडाखाली बसवलं आणि बोटांनी माती उकरायला लावली. आत पांढरी, ताजी मुळं होती. कपाशीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

मग बाई आजारी पडल्या. धंतोलीतल्या दवाखान्यात भेटायला गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, "नळ्या बदलल्या काय गा?" जिवाणू जगवायचे तर वेळच्या वेळी नव्या नळीत घालावे लागतात. मी विसरलो होतो. बदलल्या म्हणून खोटं बोललो, आणि तिथून थेट प्रयोगशाळेत जाऊन ते काम केलं. बाई परतल्या नाहीत. ते खोटं मला अजून टोचतं.

यंदाच्या मे महिन्यात त्यांचा भाऊ आला. धुतलेली कॅन घरूनच आणली होती, पोतंही. मी कॅन भरून दिली. त्यानं आमच्या नळावर पोतं भिजवलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्याचा दुपट्टा खांद्यावरच होता. मी म्हटलं, भाऊ, डोक्याला बांधा.

"बांधतो," तो म्हणाला. "आधी याले झाकू द्या."