आंघोळ घातलेले शिंगाळे

चूक अशी झाली, की पीएचडीच्या विद्यार्थ्याने मासे धुतले. एक-दोन नव्हे, हौदातले सहाच्या सहा शिंगाळे, नळाखाली, मऊ ब्रशने, अगदी फोटो काढायला न्यायचे असल्यासारखे. आणि प्रयोग नेमका माशांच्या अंगावरच्या बुळबुळीचा: तिने जखम लवकर भरते का? काचेच्या बश्यांत वाढवलेल्या पेशींवर सकाळीच ओरखडे काढून ठेवले होते. सरांनी बजावलं होतं, "अकरापर्यंत बुळबुळ पडली नाही, तर बश्या फुकट. पुढच्या बश्या दुसऱ्याच्या हातात."

दहाला हौदवाल्या मावशी आल्या. तीस वर्षं बाजारात मासे कापले. गुडघे कुरकुरायला लागले तशा प्रयोगशाळेतले हौद सांभाळू लागल्या. त्यांनी एका माशावरून बोट फिरवलं.

"डॉक्टर," (तो अजून झाला नव्हता, पण मावशींना धीर नव्हता) "साय काढायला सांगितली, तर तुम्ही पातेलंच घासून ठेवलंत की हो!"

त्याने ब्रश पाठीमागे लपवला. "आता?"

"आता त्यांना रागवा. शिंगाळा चिडला की बुळबुळ सोडतो."

बिचारा हौदावर वाकला. "लाज नाही वाटत? इतका वेळ दिला, काम शून्य!" तिसऱ्या माशापाशी त्याच्या लक्षात आलं, हे तर सरांचंच भाषण. तोवर मावशींनी टबात जरासं खारं पाणी घेतलं, काटा चुकवून एकेक मासा धरला आणि पाठीवरून हलकेच चोळला. माशांना हे मुळीच आवडलं नाही. थोड्या वेळात त्यांच्या अंगावर खळीसारखा थर चढला.

"मग मला रागवायला का लावलंत?"

"तुमचे हात नळापासून लांब राहावेत म्हणून."

गाळणं, जंतू काढणं उरकून अकराला पाच कमी असताना थेंब पडले.

"आता माझं काम," मावशींनी दहाही बोटं पुढे केली. आयुष्यभर सुरी चालवलेली, पण वण शोधून सापडेना. "कापलं की हीच बुळबुळ लावायचे. आमची सून नर्स आहे, ती हसते. बशीत जमलं तर दोन ओळी लिहून द्या, सासूबाईंचं बरोबर होतं म्हणून. फ्रिजवर लावीन."

"दिल्या!" तो म्हणाला. त्या क्षणी त्याने हौदही लिहून दिला असता.

दुसऱ्या दिवशी बुळबुळ घातलेल्या बश्यांतले ओरखडे जवळजवळ मिटले होते. नुसत्या बश्यांतले आ वासून होते. सर "हं" म्हणाले. हे ते वर्षातून एकदा म्हणतात. बश्या त्याच्याच हातात राहिल्या.

पंचाईत चिठ्ठीची झाली. बशी म्हणजे बोट नव्हे, आणि माशावरची कच्ची बुळबुळ जखमेला लावली तर ती चिघळूही शकते. म्हणजे सूनही खोटी नव्हती. त्याने जपून लिहिलं, "सासूबाईंचं काही अंशी बरोबर."

मावशींनी कागद परत केला. "मी काय काही अंशी सासू आहे?"

तेव्हापासून तो हौदाच्या खोलीत मागच्या दाराने जातो. फ्रिजवर मावशींनी चुंबक लावून ठेवलाय म्हणे. खाली कागद नाही.