तीन नंबरचं दूध

मी पळी उचलली आणि टेबलावरच्या चौघांनाही एकाएकी दूध नको झालं.

एकाचा उपास निघाला. एकाला पित्त झालं. तिसऱ्याला म्हणे सकाळपासूनच कसंतरी होत होतं. चौथे वयानं मोठे, हातकणंगल्याकडच्या एका दूध संस्थेचे सचिव. त्यांनी कारणसुद्धा दिलं नाही. तीन नंबर लिहिलेला आपला कागदी पेला उचलला आणि उलटा करून ठेवला. आधीचे दोन नमुने याच चौघांनी मिटक्या मारत चाखले होते. तेव्हा पळी आधी सचिवांच्या, मग उपासवाल्याच्या हातात होती. तिसऱ्या नमुन्याला वाढायची पाळी माझी आली, एवढाच काय तो फरक.

राजारामपुरीतला हॉल. गावोगावच्या दूध संस्थांत दूध तपासणाऱ्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण. मी राधानगरीकडची. गावच्या संस्थेत आठ वर्षं दूध तपासते. वास घेते, शंका आली तर थेंब जिभेवर टाकते, मशीनवर फॅट काढते. पण कागदावर मी मदतनीस. टेस्टर म्हणून नाव चेअरमनच्या पुतण्याचं. सगळं दूध गोळा होऊन गेलं की तो डोळे चोळत येतो, रजिस्टरवर सही मारतो आणि चहाला जातो. मी दोन-तीनदा विषय काढला तेव्हा चेअरमन म्हणाले, "कोर्स पास होऊन ये की. मग बघू तुझ्या सहीचं." त्या सहीसाठी मी आले होते.

पहाटेचं संकलन उरकून सातची एसटी धरली. दहाची वेळ दिलेली. पाहुणे आले साडेबाराला. मग हार, नारळ, समई, फोटो. नंतर प्रशिक्षक साहेबांनी पडद्यावर गाईचं चित्र लावलं आणि म्हणाले, "ही गाय." निम्मा हॉल पहाटे तिच्याच शेपटीचा फटका खाऊन आला होता. तरी सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं. सरकारी असो की सहकारी, प्रशिक्षण म्हटलं की माणूस आधी मुकाट बसायला शिकतो.

जेवताना सचिव समोरच बसले.

"कुठलं पावणं?"

"राधानगरीकडनं आलोय."

"व्हय व्हय. पन कुणापैकी?"

हा प्रश्न आमच्याकडं मीठ मागावं तितक्या सहज विचारतात. पूर्वी मी यावर गावाचं नाव सांगायची, आजोळ सांगायची, ताटात भात हवा का विचारायची. वेळ मारून न्यायची. त्या दिवशी पाय दुखत होते, डोकं जड झालं होतं. गोल गोल फिरायचं त्राण नव्हतं.

"बौद्ध," मी म्हणाले.

"बरं बरं," असं म्हणून ते आमटीकडं वळले. हे 'बरं बरं' मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्यानंतर माणूस तिथंच बसलेला असतो, पण लांब गेलेला असतो.

दुपारी चव घेण्याचं प्रात्यक्षिक. टेबलाला पाच जण, पाच नमुने, उकळून कोमट केलेले. पाळीपाळीनं एकानं सगळ्यांना वाढायचं, सगळ्यांनी चाखायचं, आणि टेबलाच्या कागदावर नमुन्यापुढं शेरा आणि चव घेणाऱ्याचं नाव लिहायचं. कागद अर्थातच सचिवांकडं.

तीन नंबर मी एकटीनं चाखलं. जिभेवर साबणासारखं लागलं, मागून कडवट. दूध नासायला लागलं की काहीजण त्यात सोडा घालतात, म्हणजे आंबटपणा झाकतो. आठ वर्षांत मी असली दुधं किती परत पाठवली असतील.

"ह्यात सोडा हाय," मी म्हणाले.

"असू दे की," सचिव म्हणाले.

"चाखून तर बघा."

"तुमी चाखलंय न्हवं? झालं मग." आणि तीन नंबरपुढं त्यांनी 'ठीक' लिहिलं. खाली नाव स्वतःचं.

चौथ्या नमुन्याला पळी पित्तवाल्याच्या हातात गेली. उपासवाल्याचा उपास सुटला. पित्त शमलं. कसंतरी होणाऱ्यानं दोनदा मागून घेतलं.

मला आधी राग आला नाही. थकवा आला. राग यायलाही अंगात जीव लागतो. मी आपली त्या कोरड्या पेल्यांकडं बघत बसले. आमच्या वस्तीतल्या म्हशींचं आणि चेअरमनच्या म्हशींचं दूध एकाच टँकरमध्ये जातं. सगळ्यांच्या चहात येतं. तिथं कुणाला उपास नसतो. माझ्या हातातल्या पळीचाच तेवढा विटाळ.

साहेबांनी माईक घेतला. "एका नमुन्यात आम्ही मुद्दाम भेसळ केली होती. तीन नंबर. कुणाला ओळखता आलं?"

सचिवांनी खाली मान घालून 'ठीक' खोडलं, वर 'सोडा' लिहिलं आणि हात उंच केला.

"सर, सोडा हाय. मी जिभेवर घेतलं की लगीच कळालं बगा."

टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा! तेव्हा कुठं माझ्या अंगात जीव आला. आठ वर्षं रोज सकाळी मी हेच बघत होते. जीभ माझी, सही दुसऱ्याची. आज फक्त तोंड वेगळं होतं.

मी उभी राहिले.

"सर, ह्यांनी तीन नंबर चाखलंच न्हाय. आमच्या टेबलावर या. तीन नंबरचे चार पेले कोरडे हायत. ओला एकच हाय. तो माझा."

"काय वो ताई," सचिव हसले, "येवढ्याश्या गोष्टीवरनं! माझं पित्त..."

"पित्त ह्या शेजारच्यांचं. तुमी काय बोलला बी न्हाय, पेला उलटा केला. मी वाढलेलं दूध तुमाला चालत न्हाय आणि मी सांगितलेलं उत्तर चालतंय? का, ते सांगा की. सगळ्यांसमोर सांगा."

मागं कुणीतरी हसलं. मग तेही थांबलं. सगळ्यांना कारण ठाऊक होतं. एकानंही उच्चारलं नाही.

साहेब म्हणाले, "ताई, हे टीमवर्क आहे. उत्तर बरोबर आलं ना? बसा."

मी बसले नाही. कागद ओढून घेतला, सचिवांचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. पूर्ण. आडनावासकट.

"खाडाखोड केलेला कागद चालणार नाही," साहेब म्हणाले. सचिवांची खाडाखोड त्यांना दिसली नव्हती. त्या चौघांना नवा कागद मिळाला. संध्याकाळी त्यांच्या प्रमाणपत्रावर 'उत्तीर्ण' आलं. माझ्यावर 'उपस्थित'.

परतीच्या एसटीत मी ते प्रमाणपत्र मांडीवर घेऊन बसले. रडू आलं. खोटं कशाला सांगू? आठ वर्षांची वाट एका दुपारी बंद झाली होती, आणि ती मीच बंद केली होती.

सकाळी नेहमीसारखं दूध तपासलं. पुतण्या आला, रजिस्टर उघडलं आणि थबकला. टेस्टरच्या रकान्यात माझी सही होती.

"पास झालीस व्हय?"

"न्हाय."

"मग ही सही कशी?"

"दूध मी तपासलंय म्हणून."

"काका तुला काढतील."

"काढू देत. तवर हितं सही माझीच हुणार. तुला करायची आसंल तर पहाटे पाचला ये. आधी पेला ओला कर, मग पेन उचल."

पेन मी माझ्याकडंच ठेवलं.